आंबा, डाळिंब, द्राक्ष आणि रोपवाटिका: अनुदानाचा अर्ज कोणता, कधी आणि किती रकमेच्या भरवशावर?

विचारणा अशी आहे: जत तालुक्यात (जि. सांगली) पाच एकर स्वतःच्या नावे, तीन एकर भावासोबत सामाईक. तीन एकर केशर आंबा, सामाईक जमिनीत दोन एकर डाळिंब, एक एकर द्राक्ष आणि उरलेल्या जागेत कलमांची रोपवाटिका असा बेत आहे. 'या सगळ्याला मिळून सरकारचे किती पैसे मिळतील, आणि आधी लागवड करून मग अर्ज केला तर चालेल का?'

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. चालणार नाही. पूर्वसंमतीच्या (काम सुरू करण्याआधी मिळणाऱ्या सरकारी मंजुरीच्या) तारखेआधी खणलेला खड्डा, आणलेले कलम किंवा पसरलेली ठिबकची नळी अनुदानाच्या हिशेबात धरली जात नाही. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या एक दिवस जरी आधीची निघाली तरी फाइल अडकते. पहिल्या प्रश्नाला मात्र एका आकड्यात उत्तर नाही, कारण तुमच्या चार गोष्टी वेगवेगळ्या खिडक्यांत जातात.

आंबा आणि डाळिंब कुठे बसतात

राज्यात फळबागेसाठी दोन मुख्य वाटा आहेत. १९९०-९१ साली रोजगार हमीला फळबाग जोडली गेली, त्या परंपरेतली एक वाट. तिला जॉबकार्ड लागते आणि लाभार्थी ठरावीक गटातला लागतो: अनुसूचित जाती-जमाती, दारिद्र्यरेषेखालचे, महिला किंवा दिव्यांग कुटुंबप्रमुख, वनहक्कधारक, आणि २ हेक्टरपर्यंतचे अल्प व अत्यल्प भूधारक. तुमचे पाच एकरच २ हेक्टरच्या किंचित वर जातात. सामाईकातला दीड एकराचा हिस्सा धरला तर सुमारे २.६३ हेक्टर होतात. त्यामुळे इतर कोणत्या गटात बसत नसाल तर ही वाट तुमच्यासाठी बंद आहे. 'जॉबकार्ड काढून घ्या, होऊन जाईल' असे सांगणारे गावात भेटतात. ८-अ चा, म्हणजे खात्यावरच्या एकूण जमिनीचा, उतारा त्यांचे ऐकत नाही.

जे रोजगार हमीत बसत नाहीत त्यांच्यासाठी २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. तुमची जागा तिथे. कोकण सोडून उर्वरित महाराष्ट्रात किमान ०.२० आणि कमाल ६ हेक्टर (कोकणात ०.१० ते १०). आंबा आणि डाळिंब दोन्ही यादीत आहेत, द्राक्ष नाही. खड्डे खोदणे, कलमे, लागवड, खते, पीक संरक्षण आणि नांग्या भरणे (मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावणे) एवढ्या बाबींना शासनाच्या मापदंडाने, म्हणजे ठरवून दिलेल्या दराने, पैसे मिळतात. जमीन तयार करणे, आंतरमशागत आणि कुंपण तुमच्या खिशातून. पूर्वी कुठल्या फळबाग योजनेचा लाभ घेतला असेल तर तेवढे क्षेत्र ६ हेक्टरांतून वजा होते.

'शंभर टक्के अनुदान' हे शब्द ऐकून हिशेब मांडू नका. शंभर टक्के म्हणजे मापदंडाचे शंभर टक्के. तुम्ही कलम २०० रुपयांना आणले आणि मापदंडात त्याची किंमत कमी धरली असेल, तर वरचा फरक तुमचा. आणि पैसे एकदम येत नाहीत: पहिल्या वर्षी ५०, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २० टक्के. समजा मापदंड हेक्टरी १,००,००० रुपये आहे. तर तुमच्या १.२० हेक्टर आंब्याला पहिल्या वर्षी ६०,०००, मग ३६,०००, मग २४,०००, आणि तेही काम झाल्यावर, मोका तपासणी (शेतावर येऊन केलेली पाहणी) झाल्यावर, निधी आल्यावर. म्हणजे पहिल्या हंगामाचा सगळा खर्च आधी तुमच्याकडे हवा. उसनवारी करून, अनुदान आले की फेडू म्हणत लागवड करणारे व्याजात सापडतात.

सामाईक तीन एकरांचे काय

डाळिंब सामाईक जमिनीत घ्यायचे तर सातबाऱ्यावरच्या प्रत्येक खातेदाराचे संमतीपत्र लागते. प्रत्येक म्हणजे भावाचे तर हवेच, पण वारसनोंदीत बहिणींची किंवा आईची नावे लागली असतील तर त्यांचेही. अर्ज मंजूर झाल्यावर सह्यांसाठी धावपळ करण्यात मुदत निघून जाते. सातबाऱ्यावर कुळाचे नाव असेल तर कुळाचीही संमती लागते. भावाभावांत वाटणी ठरलेलीच असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार ती नोंदवून घ्या आणि सातबारा वेगळा झाल्यावरच अर्ज करा. अर्ज एका गटावर आणि लागवड पोटहिस्सा पडल्यावर दुसऱ्याच क्रमांकावर, असे झाले की तपासणीला आलेला माणूस काही करू शकत नाही. पोटखराब (लागवडीला अयोग्य) क्षेत्र वगळूनच लागवडीखालचे क्षेत्र मोजा.

अर्जाचा क्रम

आधी शेतकरी ओळख क्रमांक. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो बंधनकारक आहे, आणि तुमच्या जमिनीचे सगळे गट क्रमांक त्याला जोडलेले हवेत. जतमधले जोडले पण दुसऱ्या गावचे राहिले असे पुष्कळदा दिसते. मग महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, शुल्क २३ रुपये ६० पैसे. पूर्वी सोडत निघायची. २०२५-२६ पासून प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य. म्हणून हंगामाच्या तोंडावर नाही, सहा महिने आधी अर्ज टाका. निवडीचा संदेश आला की सातबारा, ८-अ, संमतीपत्र चढवा. मग छाननी, मग पूर्वसंमती. पूर्वसंमतीपत्रातली मुदत आधी वाचा, कारण त्या मुदतीत काम झाले नाही तर ती रद्द होते.

बँक खात्याचा एक घोळ नेहमीचा. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. जिल्हा बँकेचे पासबुक अर्जाला लावायचे आणि आधार मात्र कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच बँकेच्या खात्याला, मग 'अनुदान आले नाही' म्हणून तालुक्याला हेलपाटे. बँकेत जाऊन जोडणी कुठे आहे ते आधीच पाहा. आधारवरचे आणि सातबाऱ्यावरचे नावही जुळते का पाहा. 'आप्पासो' आणि 'आप्पासाहेब' यांत संगणकाला फरक वाटतो.

खड्डा, कलम आणि मोका तपासणी

लागवडीचा कालावधी मे ते नोव्हेंबर. जतसारख्या कमी पावसाच्या पट्ट्यात जूनच्या पहिल्या सरीवर कलमे लावून मग महिनाभराच्या ताणात ती गमावण्यापेक्षा, ठिबक तयार ठेवून सप्टेंबरच्या परतीच्या पावसावर लावलेली बरी.

आंब्याला १ बाय १ बाय १ मीटर, डाळिंबाला ६० सेंटिमीटरचा खड्डा. उन्हाळ्यात खणा, तापू द्या, पण भरण्याआधी कृषी सहायकाला (पाटीवर आता 'सहाय्यक कृषी अधिकारी') बोलावून मोजमाप आणि ठिकाणासह छायाचित्र घेऊ द्या. भरलेला खड्डा मोजता येत नाही. जेसीबीने चर काढून त्यात लागवड करणार असाल तर आधी विचारा. मापदंडात खड्डा असेल तर चराचे पैसे देताना प्रश्न येतो.

अंतर हे मंजुरीचा भाग आहे. आंबा १० बाय १० मीटरला हेक्टरी १०० झाडे, ५ बाय ५ ला ४००. डाळिंब ४.५ बाय ३ मीटरला ७४०. ५ बाय ५ घेतले तर तुमच्या तीन एकरांत ४८० कलमे, दोन एकर डाळिंबात ५९२. दाट लागवडीला अनुदान जास्त दिसते म्हणून ती घेऊ नका; सातव्या-आठव्या वर्षापासून दरवर्षी छाटणीचा खर्च आणि हात लागतात. तो करणार असाल तरच ५ बाय ५.

कलमे कृषी विद्यापीठ, कृषी विभाग किंवा परवानाधारक व मानांकित खासगी रोपवाटिकेतूनच घ्या. बिलावर परवाना क्रमांक, जात, संख्या, तारीख हवी. रस्त्याकडेच्या गाडीवरची कलमे स्वस्त पडतात, बिल मात्र कामाचे नसते, आणि केशर म्हणून काय हाती आले ते पाच वर्षांनी कळते. डाळिंबाची गुटी (गुटी कलम) घेताना, ती जिथून काढली त्या मातृबागेत तेल्या आणि मर हे रोग आहेत का ते बाग बघूनच ठरवा. गुटी निरोगी दिसते, पण तेल्याचे जिवाणू तिच्याबरोबर घरी येतात.

जिवंत झाडांची टक्केवारी

या योजनेत पैसे बुडतात ते इथे. दुसऱ्या वर्षी ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत हवीत. अट वर्षागणिक कडक होते, झाडे मात्र मरतच जातात. ४८० कलमांत तिसऱ्या वर्षी ४८ पेक्षा जास्त नांग्या चालणार नाहीत. टक्केवारी कमी पडली तर स्वखर्चाने झाडे आणून ती भरून काढावी लागते, तेव्हाच पुढचा हप्ता.

उपाय सोपा आहे, पण पहिल्याच दिवशी करायचा असतो: दहा टक्के जादा कलमे, म्हणजे आंब्याची ५० आणि डाळिंबाची ६०, स्वतःच्या पैशाने आणून मोठ्या पिशवीत सावलीला वाढवा. दुसऱ्या वर्षी नांगी भरताना त्याच वयाचे झाड लागते, बाग एकसारखी राहते. वर्षाने नवे बारके कलम आणून दोन मोठ्या झाडांच्या मध्ये लावले तर ते कधीच बरोबरीला येत नाही.

आंब्याचे कलम मरण्याची कारणे बहुतेक ठरलेली. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी न काढल्याने गळा आवळला जातो. जोडाखालून कोयीच्या खुंटाची फूट येते, ती जोमाने वाढते आणि वरचे केशर वाळते. वर्षाने हिरवेगार दिसणारे झाड प्रत्यक्षात रायवळ (बिनकलमी) असते. जोड मातीत गाडला जातो. काठीचा आधार नसतो आणि वाऱ्याने जोड तुटतो. आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे कुंपण नसताना शेळ्या. कुंपणाला या योजनेत पैसे नाहीत म्हणून ते पुढे ढकलले जाते, आणि त्यापायीच ९० टक्क्यांची अट हुकते.

दरवर्षी ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावरच्या ऑनलाइन पीकनोंदीत) फळबाग नोंदवत राहा. सातबाऱ्यावर पडीक आणि शेतात बाग असे असले की पुढच्या हप्त्यालाच नाही, नुकसानभरपाईलाही अडचण येते.

ठिबक आणि शेततळे वेगळ्या फाइलींवर

ठिबकचा अर्ज स्वतंत्र. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ आणि इतरांना ४५ टक्के. त्यावर राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना भर घालून ते ८० आणि ७५ टक्के करते. तुम्ही ७५ मध्ये. मर्यादा ५ हेक्टर, आणि एका क्षेत्राला एकदा घेतले की सात वर्षे पुन्हा नाही. फळबागेची फाइल आणि ठिबकची फाइल एकाच क्षेत्रावर चालते, कारण बाबी वेगळ्या आहेत. मापदंड नळ्यांमधल्या अंतरावर ठरतो: अंतर जितके जास्त तितका हेक्टरी खर्च आणि अनुदान कमी. म्हणून आंब्याच्या ५ मीटर ओळींना फार मोठी रक्कम मिळत नाही. कागदावर जवळच्या अंतराची नळी दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका. तपासणीत नळी फूटपट्टीने मोजली जाते.

आता पाणी. फळबागेच्या अर्जात कोणी खोलात विचारत नाही, म्हणून स्वतः हिशेब करा. लहान कलमाला उन्हाळ्यात दिवसाला सुमारे १० लिटर धरा. ४८० आंबे आणि ५९२ डाळिंबे मिळून रोज पावणेअकरा हजार लिटर, मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या १०० दिवसांत पावणेअकरा लाख. ३० बाय ३० बाय ३ मीटरचे, १:१ उताराचे शेततळे भरले तर जवळजवळ २२ लाख लिटर. जतच्या उन्हात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर त्यातले सहा लाख तरी उडून जातात. तळाला प्लॅस्टिकचे अस्तर नसेल तर उरलेलेही मुरते. म्हणजे आंबा-डाळिंब तळ्यावर निघतात, वर चार-पाच लाख लिटर शिल्लक. वैयक्तिक शेततळ्याला मुख्यमंत्री शाश्वत सिंचनातून आकारमानानुसार कमाल ७५,००० रुपये मिळतात. अस्तरीकरणाची बाब वेगळी निवडावी लागते. ती अर्जात टाकायची राहून जाते.

द्राक्ष

एक एकर द्राक्षाला भर उन्हाळ्यात रोज दहा हजार लिटरच्या पुढे पाणी लागते, म्हणजे तुमच्या तळ्यातली शिल्लक पन्नास दिवसही पुरणार नाही. विहीर किंवा कूपनलिका मे महिन्यात चालत नसेल तर पहिल्या दोन वर्षांत द्राक्षाला हात घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तरी अनुदान बघायचे असेल तर खिडकी एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाची. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ठिबक आणि मांडवासह द्राक्षाला हेक्टरी ४ लाख खर्च धरून ४० टक्के, म्हणजे १.६० लाख, तीन हप्त्यांत होते. एकराला ६४,००० झाले. अँगल, तार आणि खुंटरोपे मिळून एका एकराच्या मांडवाचा खरा खर्च याच्या कितीतरी पट असतो. २०२५ मध्ये मापदंड सुधारले आहेत, तेव्हा अर्जाच्या वर्षाचे पत्रक कृषी कार्यालयातून घेऊनच आकडा धरा. प्रमाण मात्र लक्षात ठेवा: अनुदान मांडवाचा एक तुकडा उचलते, बाग उभी करत नाही.

द्राक्षाची वेळही योजनेच्या वर्षात नीट बसत नाही. डॉगरिज जातीचा खुंट (ज्यावर कलम बांधायचे ते रोप) जानेवारी-फेब्रुवारीत लावतात, कलम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बांधतात, आणि मधे ३१ मार्च येतो. खुंटाचे बिल एका आर्थिक वर्षात, मांडवाचे आणि कलमाचे दुसऱ्यात. पूर्वसंमती कोणत्या वर्षाच्या निधीतून आहे ते विचारून घ्या आणि खुंट लावण्याआधीच ती हाती घ्या. 'कलम बांधल्यावर लागवड धरू' असा समज ठेवून खुंट आधी लावले तर सुरुवातीला सांगितलेली अडचण येते.

रोपवाटिका

इथे सर्वाधिक गैरसमज आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना भाजीपाल्याच्या रोपांसाठी आहे: १,००० चौरस मीटरचे शेडनेट, ४.६० लाखांच्या खर्चावर ५० टक्के, म्हणजे २.३० लाख. त्या पैशातून आंब्याची कलमे करायची म्हटली तर चालत नाही.

फळरोपवाटिकेसाठी फलोत्पादन अभियानात २०१४ च्या मापदंडाने लहान रोपवाटिका १ हेक्टरची, खर्च १५ लाख, खासगीला ५० टक्के, आणि वर्षाला २५,००० कलमा-रोपांचे उत्पादन अपेक्षित. हायटेक रोपवाटिकेला हेक्टरी २५ लाख, खासगीला ४० टक्के, वर्षाला हेक्टरी ५०,००० रोपे. दोन्ही बँक कर्जाशी निगडित. म्हणजे बँकेचे कर्ज आधी, अनुदान नंतर कर्जखात्याला लागून राखीव ठेवले जाते; हातात रोकड येत नाही, आणि ते बँकेत पोचेपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज चालू असते. तुमच्याकडे सामाईक धरून उरतात दोनच एकर, त्यातलेही काही शेततळ्यात. या मापात तुम्ही आज बसत नाही.

त्यापेक्षा परवान्यापासून सुरुवात करा. १९६९ च्या महाराष्ट्र फळझाडे रोपवाटिका कायद्यानुसार कलमे विकायला परवाना लागतो, आणि प्रत्येक लॉटची डोळकाडी (कलमासाठी काढलेली फांदी) कोणत्या मातृवृक्षाची, खुंट कुठला, विक्री कोणाला, याची नोंद ठेवावी लागते. परवाना नसेल तर तुमच्याकडून कलमे घेणाऱ्या शेतकऱ्याचेही अनुदान जाते, म्हणजे गिऱ्हाईकच येणार नाही. तुमच्या केशरची झाडे चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत काड्या देण्याजोगी होणार नाहीत, तोवर काड्या नोंदलेल्या मातृबागेतूनच विकत घ्याव्या लागतील. त्यामुळे लागवडीतलीच चांगली वीसेक झाडे खुणा करून, विद्यापीठाकडून आणलेल्या कलमांच्या बिलासह, पुढच्या मातृवृक्षांसाठी राखून ठेवा. त्या बिलाची मूळ प्रत अनुदानाच्या फाइलीत जाते, म्हणून साक्षांकित प्रत आधीच काढा.

नुकसान झाले तर

नैसर्गिक आपत्तीत बहुवार्षिक पिकांना २०२२-२६ च्या केंद्रीय निकषांनुसार हेक्टरी २२,५०० रुपये, ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर, २ हेक्टरांपर्यंत. राज्य कधी कधी त्यावर भर घालते. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणातल्या बागांना हेक्टरी ५०,००० दिले होते. पण ती त्या त्या वेळची घोषणा असते, तिच्यावर नियोजन करता येत नाही.

हवामान आधारित फळपीक विमा नव्या बागेला नाही. डाळिंब आणि द्राक्षाला दोन वर्षे, आंब्याला पाच वर्षे पूर्ण व्हावी लागतात. कमी वयाची बाग विम्यात दाखवली आणि तपासणीत सापडली तर अर्ज रद्द होतो. तोपर्यंतच्या वर्षांत गारपीट झाली तर पंचनामा हाच आधार, आणि पंचनाम्यात सातबाऱ्यावरची फळबागेची नोंद पाहतात.

तुमच्या बाबतीत मी क्रम असा ठेवीन: यंदा शेततळे आणि अस्तर, त्याच वेळी आंबा, डाळिंब आणि ठिबकचे अर्ज, पुढच्या सप्टेंबरात दोन्ही लागवडी, कुंपणासह, रोपवाटिकेचा परवाना दुसऱ्या वर्षी, आणि द्राक्षाचा निर्णय दोन उन्हाळ्यांत तळ्याची पातळी मे अखेरीस कुठे राहते ते बघून.